न पोतारलेल्या भिंती

डासांच्या औषधाचा वास आला की सुलतानपूरचं आमचं मातीचं घर डोळ्यांपुढे तरंगतं. हिवतापाच्या फवारणीवाल्याने भिंतींवर पांढरं औषध मारलं, दाराशेजारी गेरूने तारीख लिहिली आणि आईला बजावलं, “बाई, आता भिंती पोतारू नका बरं, औषध झाकलं जातं!” पण पोळा आला. आईने ओल्या मातीने सारं घर पोतारलं, तारीख तेवढी जपून सोडली. “दवाई त्या आकड्यात हाये, त्याले म्या हात नाही लावला,” म्हणाली. गार, ओला गंध घरभर दरवळला. पंधरवड्यात धाकटी बहीण गोधडीखाली हिवतापाने कुडकुडू लागली. ती वाचली. पुढच्या प्रत्येक फवारणीनंतर मात्र आईने भिंतींना बोट लावलं नाही, बहिणीच्या लग्नातसुद्धा. त्या लग्नाचा फोटो पाहताना आज नवरीइतक्याच त्या पांढऱ्या ओघळांच्या भिंतीही मला नटलेल्या दिसतात.