मी वनिताला विचारलंच नव्हतं

नवऱ्याला नाही, आईला नाही, अगदी देवासमोर हात जोडतानाही हे माझ्या तोंडून निघालेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

उल्हासनगरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. सीटी स्कॅन काढते. डोकं दुखलं, काढा सीटी. कंबर धरली, काढा सीटी. पेशंटला हात लावून बघायच्या आधी चिठ्ठी लिहून होते. रिपोर्ट बहुतेक नॉर्मल. मला समजत नव्हतं का? समजत होतं. पण चिठ्ठी डॉक्टरांची — मी कोण बोलणारी?

तशीच वनिता आली. पालेगावची, तिशीच्या आतली, अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला. खोका उचलताना कंबरेत उसण भरली होती. चार दिवस शेकत बसली असती तरी बरी झाली असती. चिठ्ठीवर कंबरेचा सीटी.

सीटीच्या किरणांचा पोटातल्या जिवाला धोका असू शकतो, म्हणून बाईमाणसाला आधी विचारायचं असतं — पाळी चुकलीय का, दिवस गेलेत का. एवढंच. बाहेर गर्दी होती — पण गर्दी रोजचीच. मी विचारलं नाही. फॉर्मवर 'नाही'समोर मीच टिक केली, तिची सही घेतली, तिला आत झोपवलं.

रिपोर्ट? नॉर्मल.

तीन आठवड्यांनी ती सासूला घेऊन परत आली. दिवस गेले होते — लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. स्कॅनच्या वेळीही गेलेलेच होते. सेंटरच्या सरांनी सगळ्यांसमोर मला बोलावलं.

"विचारलं होतंस ना हिला?"

इथे — इथे मला खरं बोलता आलं असतं.

"हो सर. नाही म्हणाली ती. सही आहे फॉर्मवर."

वनिता माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, तुमी इचारलंच नाय मला." आवाजसुद्धा चढवला नाही तिने. सासूने मात्र तिथेच तिचा दंड धरला. "कामावर जायची घाई व्हती, म्हणून खोटं बोल्लीस?"

त्यांनी पोट पाडलं. मूल अधू निपजेल या धास्तीने. पुढे एका जाणत्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेवढ्या एका स्कॅनने बहुधा काहीच झालं नसतं. कुणी नीट समजावायला हवं होतं. कोण समजावणार होतं? सरांना भांडण दारातून बाहेर घालवायचं होतं. आणि मी — मी नोकरी सांभाळत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक बाईला दोन-दोनदा विचारू लागले. सर नव्या मुलींना सांगतात, काम शिकावं तर हिच्याकडून. मी ऐकून घेते.

गेल्या महिन्यात वनिताची सासू एकटीच आली. गुडघा दुखतो म्हणून. वयाने झिजलेला गुडघा, त्याचाही सीटीच लिहून दिलेला. तिने मला ओळखलं. वनिता बदलापूरला माहेरी आहे म्हणाली, दीड वर्ष झालं. मुलगा आणायला जात नाही — खोटं बोलणारी बायको नको म्हणतो.

मग तिने माझा हात हातात घेतला. "मॅडम, तवा माज्या सुनेनं उगाच तुमच्यावर आळ घेतला. मनात ठेवू नका."

"जाऊ द्या मावशी," मी म्हणाले. तिचा पाय सरळ केला, आणि बाहेर येऊन मशीन सुरू केलं.