गाऱ्हाण्यातून गाळलेला शब्द

गोव्याच्या मुक्तीनंतर डिचोली तालुक्यात गावोगावी विजेचे खांब गेले आणि त्यांच्यामागून पाण्याचे पंप आले. डिचोलीतल्या एका पंपाच्या दुकानात मला पहिली नोकरी मिळाली. मी पेडण्याकडचा, हळर्णचा. विक्री माझ्याकडे नव्हती. शेट एखाद्या देवळाच्या मंडपात बैठक घेत, पंप चालवून दाखवत आणि ज्यांनी थांबून चौकशी केली त्यांची कार्डे माझ्या हाती देत. पुढे त्या घरी जाऊन विचारत राहणे हे माझे काम. कार्डावर चार रकाने होते: गाव, तारीख, गिऱ्हाईक काय म्हणाले, अडचण काय.

शेटचा नियम एकच होता. गिऱ्हाईक तोंडाने 'ना' म्हणेपर्यंत जायचे. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला कोणी 'ना' म्हणत नाही. 'पळोवया' म्हणतात, म्हणजे बघू. त्यामुळे काही घरी मी सहा सहा वेळा गेलो आहे.

पाळी गावच्या एका माणसाचे कार्ड त्यांतलेच. त्याचे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, डोंगराच्या उतारावर होते. वर एक झर होती. तिचे पाणी दगडी तळीत साठे आणि पाटाने बागेत येई. चार दिवस ते त्याच्या बागेला, तीन दिवस खालच्या बागेला. खालची बाग त्याच्या वारलेल्या भावाच्या बायकोची. मूलबाळ नसलेली ती बाई एकटी राहत होती आणि सुपारीच्या त्या झाडांवरच तिचे घर चालत होते. जवळची खाण खोल जात होती, तशी झर बारीक होत होती. पंप लागला तर तो आपल्या चार दिवसांत तळी उपसून वरच्या नव्या लागवडीला पाणी देणार आणि खालच्या पाळीला तळीत काही उरणार नाही. हे दोन्ही घरांना माहीत होते. दुसऱ्या खेपेला मलाही कळले.

तिसऱ्या खेपेला ती बाई पाटाच्या तोंडाशी चिखल थापत होती. मला पाहून दिराला हाक मारून म्हणाली, "भावोजी, पंपाचो जांवय आयलो! च्या करा. सासुरवाडीक पण कोण इतक्यांदा येना."

तो हसला, पण त्याने मला आत नेले आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाबा, देवळांत प्रसाद लायलो. देवान दावी दिली."

प्रसाद लावायचा म्हणजे देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. गुरव मोठ्याने गाऱ्हाणे घालतो, प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिथे लग्ने यावर ठरत, घरे यावर बांधली जात.

मी कार्ड भरले. म्हणणे: देवाचा नकार. अडचण: पाळी.

शेटने चष्म्यावरून पाहिले. "गावाचें नांव दोनदां कित्याक बरयलां रे? तो आपल्याच गावाक अडलो?"

ती पाण्याची पाळी, असे मी सांगितले. शेट हसायचे थांबले. "देव आमचो गिरायक न्हय. तो ना म्हणालो? ना मा? मगे वच. आनी गाऱ्हाण्यांत काय म्हणाल्ले तें विचार."

मी गेलो आणि विचारले. गुरवाने म्हटले होते: 'पाळी मोडून पंप घालूं काय?'

"काका," मी म्हणालो, "पाळी कोण मोडता? तुमी तुमच्याच चार दिसांनी चलयतले. मगे तो शब्द कित्याक? पंप घालूं काय, इतलेंच विचारा."

तो बराच वेळ अडकित्ता उघडमीट करत राहिला. मग म्हणाला, "तशें विचारल्यार जाता?"

"जाता," मी म्हणालो. त्या बाबतीत मला काहीही माहीत नव्हते.

पुढच्या सोमवारी गाऱ्हाणे तेवढेच घातले गेले. पाकळी उजवी पडली. पंप आठवड्याच्या आत बसला. शेटने ते कार्ड दुकानातल्या इतरांना दाखवले.

पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. तिथे वाक्यातला एक शब्द काढून बातमी कशी फिरते हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

मी दुकानात होतो तेव्हा विकलेल्या पंपाचीही एक फेरी असे. उन्हाळ्यात जाऊन गिऱ्हाईक समाधानी आहे की नाही ते लिहायचे. चैत्र सरताना मी पाळीला गेलो. पंप सुरू होता. वरची रोपे हिरवी होती. खालचा पाट सुक्या झावळ्यांनी भरला होता. तिथल्या माडींचे, म्हणजे सुपारीच्या झाडांचे, शेंडे वाळले होते, दोन मोडून पाटात पडल्या होत्या. घराला कुलूप होते.

"कुळारा गेली," तो म्हणाला. कुळार म्हणजे माहेर. तिचे दोडामार्गाच्या बाजूला होते. "भांडली ना. चावी म्हज्या हातांत दिली, 'माडी पळयात' म्हणाली."

"पंप बरो चलता?"

"पंप बरो." तो पायरीवर बसला. "वहिनी परती येतली काय म्हूण प्रसाद लायलो. सकाळसून दनपारपर्यंत गुरव उबो. एकय पाकळी पडना. तुका गाऱ्हाणें बरें जमता. काय म्हणूं, सांग मरे."

तो टोमणा नव्हता. तो खरोखर विचारत होता. मी पेन काढले. कार्डावर 'समाधानी' लिहिले, कारण त्या रकान्यात पंपाबद्दलच विचारले होते.

दुकानात आल्यावर खालच्या बागेबद्दल मी शेटना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि खणातून कोरे कार्ड काढले.

"सकयल्या घराक पाणी ना. म्हणजे बांय मारची पडटली, पंप लागतलो. वच एकदां." सकयले म्हणजे खालचे, बांय म्हणजे विहीर.

"शेट, घराक कुलूप आसा."

"कुलूप म्हणजे ना न्हय," ते म्हणाले.

मी कार्ड घेतले आणि गावाच्या रकान्यात पाळी लिहिले.