टिपणीससाहेबांची बिनतिखटाची शपथ

तमाम मराठी वाचकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, जावा बेटावरचं मजापहित साम्राज्य दोनदा बुडालं. पहिल्यांदा जावातच, काही शतकांपूर्वी. दुसऱ्यांदा दुबईत, करामातल्या एका खानावळीत, शुक्रवारी दुपारी, आमच्यादेखत.

या दुसऱ्या साम्राज्याचे महामंत्री म्हणजे आमच्या बांधकाम कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर टिपणीससाहेब. तरुणपणी नोकरीनिमित्त ते पूर्व जावात राहिले, तिथले लाल विटांचे उंच दरवाजे पाहिले आणि मनाने तिथून परत आलेच नाहीत. पायाच्या पाइलिंगची मीटिंग असली तरी फळ्यावर दरवाजा काढायचे. "नुसती वीट! ना सिमेंट, ना स्टील. शतकानुशतकं उभी आहे. आणि तुमचं प्लास्टर वर्षात सुटतं!" बोलताना डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. तेवढ्यापुरता माणूस आवडायचा. मग डोळे पुसून ते कुणाला तरी झापायचे आणि वर समजवायचे, "मजापहित म्हणजे कडू बेलफळ. राज्याचं नावच कडू! गोड बोलून काही उभं राहत नसतं."

दुबईतल्या आमच्या नव्या टॉवरचा पाया भरला, त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफसमोर शपथ घेतली. मजापहितचा महामंत्री गजमदा याने म्हणे भर दरबारात सांगितलं होतं, सारी बेटं ताब्यात येईपर्यंत 'पलापा' चाखणार नाही. पलापा म्हणजे मसाला, असं काही अभ्यासक म्हणतात. काही म्हणतात, विसावा. साहेबांनी मसाला स्वतःचा सोडला आणि विसावा आमचा.

"शेवटचा स्लॅब पडेपर्यंत माझ्या जिभेला तिखट लागणार नाही!"

स्लॅब पडला की साहेब डायरेक्टर होणार, हे ऑफिसबॉयलाही ठाऊक होतं. म्हणून आम्ही गंभीर चेहरे केले. फक्त ड्राफ्ट्समन कोलते फिसकन हसला. "साहेब, मिसळ पण बंद?"



दुबईतल्याच अल मनखूल भागातल्या त्यांच्या घरी दोन स्वयंपाक कोण करणार? शपथ सगळ्या घरादाराला लागू झाली. वहिनी अस्सल कोल्हापूरच्या, आणि वाढायच्या उकडलेला दुधी. मुलगी ताट सरकवायची, "बाबा, धिस टेस्ट्स लाइक हॉस्पिटल." वहिनी गप्प असायच्या. साहेबांना ती संमती वाटायची.

मग २००८ची मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या, टॉवर निम्म्यावर राहिला. अबुधाबीच्या हेड ऑफिसने माणसं कमी करायला सांगितलं. साहेबांनी पहिलं नाव दिलं कोलतेचं.

कोलते केबिनमध्ये उभा. दार उघडंच होतं. "साहेब, पोरींची परीक्षा होईपर्यंत तरी ठेवा."

"गजमदाच्या शपथेला दरबारात जे हसले, त्यांचं पुढे काय झालं ठाऊक आहे?"

"नाही, साहेब."

"मारले गेले. तू तर विमानाने चाललायस."

कोलते सांगलीला गेला. साहेब त्या दिवशीही दहीभात जेवले, चवीने.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांना अबुधाबीहून बोलावणं आलं. काम पुन्हा सुरू होणार, अशी त्यांची खात्री. नवा टाय घालून गेले. संध्याकाळी परतले तेव्हा टाय खिशात होता. टॉवर रद्द, नोकरी खलास, व्हिसाही त्यासोबत गेला. मुलीच्या परीक्षेपर्यंत मुदत त्यांनीही मागितली होती म्हणे. दिली नाही.

निरोपाचं जेवण ठरवायचं काम मी आनंदाने अंगावर घेतलं. खानावळ कोल्हापुरी निवडली, वहिनींनाही बोलावलं आणि कोलतेच्या स्मरणार्थ तांबडा रस्सा मागवला. कोलते जिवंत होता, पण भावना महत्त्वाची. रश्शाचा वास दरवळला आणि टेबलावरचे सगळे साहेबांकडे बघू लागले.

साहेबांनी वाटी दूर लोटली. दहीभात जवळ ओढला. "तुम्ही घ्या. टॉवर थांबला असेल, शपथ थांबलेली नाही. गजमदाने..."

त्या क्षणी वहिनींनी पदर खोचला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, बुडालं ना एकदाचं तुमचं राज्य? मग तो रस्सा इकडे सरकवा!"