कुत्र्यासाठी घातलेला कूड

रावेरच्या रतिलालला सगळी गल्ली शंकासूर म्हणायची, आणि गल्लीचं त्यात फारसं चुकत नव्हतं. दूध तापवायच्या आधी हा त्याचा वास घेणार आणि तापल्यावर पुन्हा घेणार. बागेत केळीचा घड कापायचा म्हटलं की कोयता लागायच्या आधी खालच्या माणसाला याच्या चार सूचना. बाहेरगावी निघताना कुलूप लावायचं, ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. बायको बेबाबाई म्हणायची, "हे कुलूप तुटीन तं चोराच्या नही, तुमच्याच हातानं तुटीन." यावर रतिलाल हसायचा. चिडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. लेक धुळ्याला सासरी सुखात होती, बाग बरी पिकत होती, ताटात आठवड्यातून दोनदा वांग्याचं भरीत पडत होतं. माणसाला आणखी काय लागतं, असं तो म्हणायचा आणि खरंच त्याला आणखी काही लागत नसे.

ते भरीत बहुतेक वेळा वहिनीच्या हातचं असायचं. थोरला भाऊ जीवराम शेजारच्याच घरात राहायचा. दोन घरं, मधे भिंत, पुढे मात्र अंगण एकच. केळीची बागही दोघांची एकत्र. रतिलालने झाडांकडे बघायचं आणि जीवरामने व्यापाऱ्यांकडे, हे वडील गेल्यापासून ठरूनच गेलं होतं. वडिलांच्या जागी भाऊच. त्याच्यासमोर रतिलालचा आवाज पन्नाशीतही चढत नव्हता.

एक्क्याण्णव साली दिल्लीला केळी घेऊन जाणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने परतताना कुत्र्याचं एक पिल्लू आणलं. पांढरं, केसाळ, कापसाच्या बोंडाएवढं तोंड. रतिलालने त्याला आधी घोंगडीत गुंडाळलं आणि मग नाव विचारलं. ड्रायव्हरला नाव माहीत नव्हतं, म्हणून पिल्लाचं नावच दिल्ली पडलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत हाका सुरू झाल्या, "दिल्ली, भाकर खाय," "दिल्ली, चप्पल सोड." जीवरामकडे काबऱ्या नावाचा गावठी कुत्रा होता. अंगावर काळे-तपकिरी ठिपके, एक कान फाटलेला, गावभर हिंडणारा. त्याने दिल्लीला हुंगलं, एक पंजा मारून उताणं पाडलं आणि लगेच तिच्याशी खेळायला लागला. दोघांचा दंगा बघायला जीवराम ओट्यावर खास चहा घेऊन बसायचा.

दिवाळी झाली आणि गावातली कुत्री पटापट मरायला लागली. रक्ताचे जुलाब, उलट्या, दोन दिवसांत खेळ खलास. रतिलालचा जीव टांगणीला लागला. केळीच्या मेटॅडोरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, दिल्लीला मांडीवर घेऊन, तो जळगावला गुरांच्या मोठ्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी सुई टोचली आणि सांगितलं, "पिल्लू लहान आहे, एका सुईने भागत नाही. दुसरी होऊन पंधरा-वीस दिवस जाईपर्यंत सुई न टोचलेल्या कुत्र्यात हिला सोडू नका. दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणीसुद्धा नको. हा रोग मातीतून, चपलेतूनही येतो."

शंकासुराला एवढं ऐकवलं म्हणजे बघायलाच नको. घरी आला तो सरळ मागच्या गंजीकडे गेला. बांबू काढले, तुरीच्या वाळक्या तुराट्या बांधल्या आणि संध्याकाळपर्यंत अंगणाच्या मधोमध, ओट्यापासून थेट रस्त्यापर्यंत, छातीएवढा कूड घातला. तुराट्या इतक्या दाट की उंदीरही जाऊ नये. जीवराम त्या दिवशी बोदवडला गेला होता. त्याला विचारायचं राहिलं. विचारावं असं या बहाद्दराच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्याच्या डोक्यात त्या दिवशी फक्त कुत्री होती. काम झाल्यावर त्याने कूड हलवून बघितला, पुन्हा हलवून बघितला आणि समाधानाने जेवायला बसला.

दोन भावांच्या अंगणात कूड पडला की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. वाटण्या झाल्या. तिसरा अर्थ सोडा, दुसराही नाही. जीवराम बोदवडहून परतला, रस्त्यात उभा राहून त्याने कुडाकडे बघितलं, आपल्या बाजूने घरात गेला आणि जेवला नाही.

पुढचे काही दिवस रतिलालला सगळं विचित्र वाटत राहिलं. वहिनी, धुरपदाबाई, दिसली की पदर पुढे ओढून आत जायची. भरिताची वाटी येईना. जीवराम बागेत भेटला तर 'हो' आणि 'नही' यापलीकडे बोलेना. काबऱ्या कुडापलीकडून कण्हायचा, दिल्ली अलीकडून तुराट्या खरवडायची. रतिलालने बायकोला विचारलं, "वहिनीची तब्येत बरी नही का?" बेबाबाईलाही काही कळलं नव्हतं. ती आपली दिल्लीसाठी पाणी उकळण्यात गुंतलेली.

मग एक दिवस पानटपरीवर म्हातारे कौतिकनाना भेटले. त्यांनी रतिलालच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "झालं ते झालं रे बाबा. पन इहीर कोनाकडे गेली?"

"कोनती इहीर, नाना?"

"बागेतली रे. वाटणीत इहीर जीवरामले गेली का तुले?"

रतिलालच्या हातातलं पान खाली पडलं. कुडाचा अर्थ त्याला त्या क्षणी कळला. कुलपाची काळजी करणारा माणूस भावाला मात्र कुलूप घालून बसला होता. इतकी शरम त्याला जन्मात कधी वाटली नव्हती. बाप असता तर काय म्हणाला असता, हा विचार डोक्यात घेऊन तो जवळजवळ धावतच घरी आला.

जीवराम ओट्यावर बसला होता. रतिलाल आपल्या बाजूने कुडाला टेकून त्याच्यासमोर उभा राहिला. दम लागलेला.

"भाऊ, तो कूड कुत्र्यासाठी हाये."

जीवरामने मान वर केली नाही. "मले आधी सांगतलं असतं तं मी नही म्हनलं असतं का? सुखानं वाटणी करी दिली असती. गावाच्या तोंडून कायले कयू दिलं?"

"भाऊ, देवाची आन! डॉक्टर बोलला. काबऱ्याले सुई नही ना, म्हनून."

आतून धुरपदाबाईचा आवाज आला, "सांगा, सांगा. कुत्र्याच्या नावानं भाऊ येगये होतात, हे नवीनच आयकलं."

यावर कोण विश्वास ठेवणार? मलाही कोणी असं सांगितलं असतं तर मी ठेवला नसता. रतिलालने पुढे बोलायचा नाद सोडला. तो तिथेच दोन्ही हातांनी कुडाच्या तुराट्या उपसायला लागला. डोळ्यांतून पाणी, हातात तुराट्या, तोंडाने "हे घ्या, गेला कूड, हे घ्या." चार-पाच पेंढ्या निघाल्या आणि भोक पडलं. त्या भोकातून पांढरं काहीतरी सुळकन गेलं.

दिल्ली!

पलीकडे काबऱ्या आनंदाने शेपूट हलवत उभाच होता. "धरा! भाऊ, धरा तिले! सुई बाकी हाये!" अशी किंकाळी फोडून रतिलालने कुडावरूनच उडी टाकली. धोतर बांबूला अडकलं, गडी वहिनीने नुकत्याच सारवलेल्या ओल्या शेणात तोंडावर पडला आणि पडल्या पडल्या दिल्लीची तंगडी धरून ओरडत राहिला, "चाटलं का? भाऊ, काबऱ्यानं तिले चाटलं का?"

जीवरामने उठून काबऱ्याला मानेला धरलं होतं. तो धाकट्या भावाकडे बघत राहिला. शेणाने माखलेलं तोंड, फाटलेलं धोतर, आणि डोळ्यांत खरोखरीचं भय. नाटक करणारा माणूस असा पडत नाही. जीवरामच्या पोटातून हसू वर यायला लागलं, आधी दाबलेलं, मग मोकळं. हसता हसताच त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"अवं, आयकलं का?" त्याने आत हाक मारली. "हा कूड खरंच कुत्र्यासाठीच होता वं!"

धुरपदाबाई दारात आली, दिराला बघितलं आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. तीही हसत होती, पण तिला रडूही आलं होतं. ते तिने लपवलं नाही.

रतिलाल उरलेला कूड काढायला उठला तेव्हा जीवरामने त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ दे तो, भोक तेवढं बुजव. डॉक्टर बोलला ना? मंग पिल्लाचा जीव कायले धोक्यात घालतो? उद्या काबऱ्यालेही जयगावले नेऊ. आन जोपर्यंत कूड हाये तोपर्यंत तुमी दोघं आमच्याकडे जेवा. अंगनात, सगयाईले दिसीन असं. लोकाईनं काय ते समजी घ्यावं."

दोन्ही घरच्या चुली आठ-दहा वर्षांपासून वेगळ्या होत्या. का झाल्या ते आता दोन्ही बायकांना धड सांगता आलं नसतं.

काबऱ्याला जळगावला नेणं हा वेगळाच सोहळा झाला. तोंडाला फडकं बांधलेला काबऱ्या मेटॅडोरच्या खिडकीतून वारा खात गेला. जीवरामला मात्र सुई बघूनच घेरी आली आणि डॉक्टरांनी आधी पाणी त्यालाच पाजलं. परत आल्यावर मात्र तो रतिलालपेक्षा कडक झाला. दोन कुत्र्यांची भांडी वेगळी, ती गरम पाण्याने धुवायची, बाहेरची चप्पल अंगणात आणायची नाही. कौतिकनाना विचारपूस करायला आले तर जीवरामने त्यांना रस्त्यावरच अडवलं, "नाना, जोडे तठीच काढा." रोज संध्याकाळी जीवरामच्या बाजूच्या अंगणात चार ताटं मांडली जायची, कुडापलीकडून दिल्ली भुंकायची आणि येणारे-जाणारे थांबून बघायचे. गल्लीचं तोंड आठवड्याभरात बंद झालं.

संक्रांत होऊन गेल्यावर, दोघांच्या सुया पुऱ्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवसही उलटले, तेव्हा भावांनी मिळून कूड काढला. दिल्ली आता चांगली हाताएवढी उंच झाली होती. ती थेट काबऱ्यावर जाऊन आदळली. तो मुद्दाम उताणा पडला, तिने त्याचा फाटका कान धरला आणि दोघं धुळीत अशी लोळली की पांढरी कोण आणि ठिपक्यांचा कोण ते कळेना. रतिलाल ओट्यावर बसून बघत होता. काळजी करायला काहीच उरलं नव्हतं आणि त्या रिकामपणात त्याला फार बरं वाटत होतं.

दिवस कलला तशी बेबाबाई उठली. आपल्या घरात गेली, चुलीत काटक्या घातल्या आणि काडी ओढली. धुरपदाबाई तिच्या मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

"बेबा, कूड तं निंघाला ना?"

"हो अक्का, निंघाला."

"मंग तू कायले येगयी बसली?"

बेबाबाईने फुंकर मारून काडी विझवली आणि पिठाचा डबा काखेत घेतला.