सासूच्या आधी सून आडवी

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच हिवाळ्यात बुऱ्हाणपूरच्या धुरपदाबाईंची कंबर गेली. दोन्ही घटनांचा संबंध नसावा. पाठीचा कणा डावीकडे कुल्ल्याच्या हाडाला मिळतो, नेमकी तिथे कळ येई. बसलं की उठायला भिंत लागे. पुरणाचे मांडे तर चुलीपाशी बसूनच करायचे. लेक मंगला लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती. तिच्यासाठी चुलीवरच्या खापरावर मांडा आपल्याऐवजी आपल्या जावेने टाकावा, ही कल्पना धुरपदाबाईंना कमरेपेक्षा जास्त दुखे.

मुलगा वामन त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी डाव्या कमरेवर घागर घेणं बंद केलं. मग व्यायाम सांगितला: उताणं पडून गुडघे उभे करायचे, मध्ये उशी धरून हळूच दाबायची, मग कंबर जराशी उचलून सावकाश खाली. कळ वाढली तर थांबायचं.

"दिवसाढवळ्या पडू?" घरी आल्यावर धुरपदाबाई म्हणाल्या. "आत्याबाई बसलेल्या असताना?"

सासू बसलेली असताना सून आडवी होणं त्या घरात फक्त बाळंतपणात चाले. त्यामुळे पंधरवडाभर उशीच तेवढी आरामात पडून होती.

एका सकाळी धुरपदाबाई चुलीपासून उठल्या त्या भिंत धरून, डोळ्यांत पाणी आणून. बाजेवरून गोदाबाईंनी, म्हणजे सासूने, ते पाहिलं.

"धुरपदा, सतरंजी टाक."

"कोणासाठी, आत्याबाई?"

"माह्यासाठी. मी पडते. सासू पडल्यावर तू पड, मंग कोन काय म्हनते पाहू!"

दोघी शेजारी शेजारी पडल्या. गोदाबाईंचं काहीच दुखत नव्हतं. म्हणून त्यांच्या सूचना जास्त. "दाब वं ती उशी. लोन्याची नाही."

शेजारची मालूबाई दारात थबकली. "अगं माय! दोघी एकदम? पटकी तं नाही झाली?"

"भोपाळचा हुकूम हाय," गोदाबाई छताकडे पाहत म्हणाल्या. "नवं सरकार आलं ना. तू बी पड."

हुकमाची खातरजमा करायला गल्लीतून कोणी भोपाळला गेलं नाही.

दोघींचं रोजचं पडणं चालू राहिलं. आखाजीला धुरपदाबाई उंच पाटावर बसल्या. मांडा दोन्ही हातांवर पसरत कोपरापर्यंत आला, खापरावर पडला, फुगला. शेवटचा उतरल्यावर मंगलाने हात पुढे केला.

"माय, धर."

"हाताला पीठ आहे."

कळ होती, थोडी. धुरपदाबाई जरा थांबल्या आणि उठल्या. भिंत आपल्या जागी राहिली.

"मांडे झाकून ठेव," आतून गोदाबाईंचा आवाज आला, "अन् ये लवकर. मी केव्हाची पडली."