एव्हरिल रेल्फ उभी राहते

आमच्या थॉर्नबेकला स्वतःची नगरपरिषद कधी नव्हतीच. गवत कधी कापायचं, दिवे कुठे लावायचे, सगळं डोंगरापलीकडच्या मोठ्या शहरात ठरायचं, आणि ठरवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आमचा समुद्रही पाहिलेला नसायचा. एका सकाळी त्यांची माणसं आली आणि शाळेसमोरच्या बसस्टॉपची शेड धोकादायक आहे म्हणून उचलून घेऊन गेली. नवी कधी आली नाही. त्यानंतर गावाने सह्या गोळा केल्या, बैठका झाल्या, भांडणं झाली, आणि शेवटी हुकूम आला: थॉर्नबेकला नगरपरिषद मिळणार, मे महिन्यात पहिली निवडणूक.

एव्हरिलने उभं राहावं हे माझंच डोकं. माझं लोकरीचं दुकान आहे आणि एव्हरिल शेजारच्याच घरात राहते. तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली. गावातलं आज चाळिशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या बसमध्ये कधी ना कधी ओरडा खाऊन बसलेलं आहे. नवरा गेल्यावरही तिने एक दिवस रजा घेतली नाही, म्हणाली, "घरी बसून काय करू, त्याच्या खुर्चीकडे बघू?" मग तीन वर्षांपूर्वी मात्र अचानक काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे दुखणारी बाई रोज समुद्राच्या कडेने कुत्र्याला घेऊन मैलोन्‌मैल कशी चालते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

"अगं, मी कसली नगरसेवक?" ती म्हणाली. "मला भाषण येत नाही."

"भाषण कशाला? बसमध्ये पोरांना गप्प करायचीस तसंच करायचं."

"ती पोरं होती गं, मोइरा."

"ही काय वेगळी आहेत? तीच आहेत, टक्कल पडलेली."

हसली, आणि उमेदवारीच्या अर्जावर सही केली. सूचक म्हणून माझी सही.

प्रचार सुरू झाला तशी दुकानात कुरकुर कानावर यायला लागली. उमेदवार झाल्यापासून एव्हरिल शेफारली आहे म्हणे. रस्त्यात हाक मारली तर वळून बघत नाही. बेकरीतल्या बाईने आपली आई आजारी आहे असं सांगितलं, तर ही "वा, छान, छान!" म्हणाली आणि निघून गेली. मी तिची बाजू घेत राहिले. पण खरं सांगायचं तर मलाही ते खटकत होतं. हल्ली ती माझ्याकडे चहाला आली की एकटीच बोलायची. मी काही सांगायला लागले की हिची पुढची गोष्ट सुरू. मनात म्हटलं, माणूस एकटं राहिलं की असं होतं.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची सभा ठेवली होती. आमच्या चर्चच्या रेव्हरंड ऑलिव्ह अध्यक्षस्थानी. प्रत्येकाने नव्या नगरपरिषदेवर काम करण्याबद्दल आपलं मत सांगायचं आणि मग लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. हॉल भरून गेला होता. उमेदवार मंचावर एका रांगेत, आणि एव्हरिल अगदी टोकाला. तिच्या शेजारी डेझमंड फेअरली. पूर्वी घरं विकायचा. आवाज असा की ऐकणाऱ्याला आपलं घरही विकावंसं वाटावं. त्याने बंदर, पर्यटन, नवी बाजारपेठ, सगळं थॉर्नबेकमध्ये आणून ठेवलं. टाळ्या पडल्या.

एव्हरिल उठली, कागदावरची चार वाक्यं घाईघाईने वाचली आणि बसली. चेहरा पांढराफटक. मी पहिल्या रांगेतून हात हलवला, पण तिचं लक्ष रेव्हरंडच्या तोंडाकडे होतं. फक्त तोंडाकडे.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेतून म्हातारा विल्फ स्टॅम्पर उभा राहिला. ऐंशी ओलांडलेली, दात थोडे, त्यातून सर्दी. म्हणाला, "मिसेस रेल्फना विचारायचंय. आपल्या दफनभूमीच्या भिंतीचं काय करणार?"

ती भिंत दोन हिवाळ्यांपासून रस्त्यावर ढासळते आहे. साधा प्रश्न होता.

एव्हरिल उभी राहिली, ठामपणे म्हणाली, "दफनभूमीची भीती? भीती कसली? मी रोज सकाळी कुत्र्याला घेऊन तिथूनच जाते. तिथल्यांनी आजवर कुणाला त्रास दिलेला नाही. आणि शेवटी आपल्या सगळ्यांना जायचंय तिथेच."

मग हॉल असा काही फुटला की मंचावरचे पेले खुळखुळले. डेझमंड माईककडे वाकून म्हणाला, "लोकांचं ऐकायचं नाही ही सवय साधारण निवडून आल्यावर लागते. मिसेस रेल्फनी आधीच सुरुवात केली आहे."

पुन्हा हशा. एव्हरिलही हसत होती. सगळे हसतात म्हणून. पण तिचे डोळे हसत नव्हते, ते माझ्याकडे लागले होते, आणि काय झालं ते मला विचारत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बेकरीतली बाई, रस्त्यातल्या हाका, एकटीचं बोलणं, गुडघे. उठून तिला घरी घेऊन जावं असं वाटलं.

पण ती बसली नाही. तिने हसणं थांबवलं आणि रेव्हरंडकडे वळली.

"ऑलिव्ह, काय झालं सांगाल का मला? हळू, आणि माझ्याकडे बघून."

रेव्हरंडनी तिच्यासमोर जाऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. भिंत. भीती नाही, भिंत.

"अस्सं," एव्हरिल म्हणाली. तिने मंचावरच्या टेबलाला हात टेकला. "मग ऐका. मला ऐकू येत नाही. डावा कान गेल्यातच जमा आहे आणि उजवा त्याच्या मागे लागलाय. तीन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या मोइरालाही नाही, आणि तिच्याकडे मी रोज चहा पिते. एका सकाळी मागच्या सीटवरची एक मुलगी मला हाका मारत होती, तिला मळमळत होतं. सगळी बस ओरडायला लागली तेव्हा मला कळलं. काही वाईट झालं नाही. पण त्या दिवशी मी बस लावली आणि किल्ल्या देऊन टाकल्या. ज्यांनी मला हाक मारली आणि मी वळले नाही, त्यांची मी माफी मागते. शेफारले नव्हते. ऐकू आलं नव्हतं."

मला वाटलं, संपलं. आता ही बसेल, आणि उद्या नाव मागे घेता येत नाही म्हणून रडेल.

तेवढ्यात मागून विल्फचा आवाज आला. "लाजतेस कशाला पोरी? मलापण त्या माईकमधलं काही ऐकू येत नाहीये! मघापासून नुसती मान हलवतोय. हा फेअरली बंदराचं बोलला की बांधाचं, देव जाणे!"

"मलाही नाही," खिडकीजवळच्या एक बाई म्हणाल्या.

"या हॉलमध्ये माईक घुमतो, कुणालाच ऐकू येत नाही," आणखी कोणी ओरडलं. "लग्नात पाद्र्याने काय विचारलं तेही मला कळलं नव्हतं, हो म्हणून मोकळा झालो!"

"कळलं असतं तरी हो म्हणाला असतास," त्याच्या बायकोने सुनावलं.

आता जे हसू उठलं ते वेगळं होतं. एव्हरिललाही ते कळलं असावं, कारण तिचे खांदे खाली आले. रेव्हरंड ऑलिव्हनी चटकन माईक बंद केला आणि खुर्च्या गोल मांडायला सांगितल्या. लोक उठले, खुर्च्यांचा खडखडाट झाला, मंच रिकामा झाला, उमेदवार खाली येऊन लोकांच्यात बसले. डेझमंडने स्वतःची खुर्ची उचलून एव्हरिलच्या उजव्या बाजूला आणली. लालबुंद झाला होता. "मिसेस रेल्फ, मघाचं माझं बोलणं..."

"ते मला ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. "पण सगळे हसले त्यावरून चांगलं जमलं असावं."

मग ती बोलली. कागद पर्समध्येच राहिला. भिंतीबद्दल विल्फला म्हणाली की तिने ती पाहिली आहे, एकट्या परिषदेला ती बांधणं पहिल्या वर्षी जमेल असं तिला वाटत नाही, पण पडक्या भागाला कठडा लगेच लावता येईल. "ही परिषद काय करू शकते ते समजून घ्या," ती म्हणाली. "आपल्याला रेल्वे आणता येणार नाही. इस्पितळ आणता येणार नाही. गवत, बाकं, संडास, शेड, दफनभूमी, एवढं आपल्या हातात आहे. त्यात मला लाज वाटत नाही. मी आयुष्यभर एकाच रस्त्यावरून बस नेली, पण वेळेवर नेली. दुसरं म्हणजे, बैठका संध्याकाळी व्हायला हव्यात, कामावरून सुटलेल्या माणसाला येता येईल अशा वेळी. आणि तिसरं. तिकडच्या ऑफिसाला मी त्या शेडबद्दल किती वेळा लिहिलं! नाही म्हणाले असते तर मी गप्प बसले असते. त्यांनी उत्तरच दिलं नाही. मला निवडून दिलंत तर तुमची प्रत्येक गोष्ट होईल असं नाही. पण नाही म्हणायचं असेल तर मी तुमच्या दारात येऊन नाही म्हणेन."

"आणि आम्ही दारातून शिव्या दिल्या तर?" कुणीतरी विचारलं.

एव्हरिलने त्याला पुन्हा विचारायला लावून ओठांवरचे शब्द नीट बघून घेतले. "डाव्या बाजूने द्या," ती म्हणाली.

आम्ही दोघी बरोबरच घरी निघालो. माझ्या फाटकाशी थांबून मी तिला समोर उभं केलं आणि म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू हळू बोलायला लागली असतीस," ती म्हणाली. "सगळे म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं. एक तरी घर हवं होतं जिथे मी पूर्वीचीच आहे."

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. मीच रडले, आणि तिने मला आत नेऊन चहा करून दिला, माझ्याच स्वयंपाकघरात.

मतमोजणी शाळेत झाली. नावं वाचली जात होती तेव्हा मी तिच्या कोपराला धरून होते. तिचं नाव आलं, मी कोपर दाबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. डेझमंडही निवडून आला, तिच्यापेक्षा जरा कमी मतांनी. एव्हरिल भिंतीकडेच्या मुलांच्या बुटक्या बाकावर मटकन बसली आणि तिने बूट काढून पाय पसरले.

"सुटले गं बाई," ती म्हणाली.

"सुटलीस कसली? आता तर अडकलीस."

"अगं, आता दारोदार जाऊन मला मत द्या म्हणायचं नाही. मला तेच सगळ्यात जड जात होतं. कामाचं मला काही वाटत नाही."

मी बाहेर जाऊन दोघींसाठी मासे आणि बटाट्याचे काप घेऊन आले. व्हिनेगर जास्त घातलं होतं. शाळेच्या पायरीवर बसून, बूट शेजारी ठेवून, तिने तिचं संपवलं आणि मग माझ्या कागदातलेही काप उचलायला लागली. ऊन छान पडलं होतं. घरी जायची घाई दोघींनाही नव्हती.