चिंचेखालचा धूर आणि आमचे साडू

कायद्याचं पुस्तक उलटं धरून आयुष्यभर नोकरी करणारा पोलीस साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे माणूस टाळायची सोय नाही. मी नांदुऱ्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत खेळाचा मास्तर, आणि साडू त्याच भागाचे जमादार. गावात दर हिवाळ्यात कबड्डीचे सामने होतात. शिट्टी माझ्या तोंडात, बंदोबस्ताची काठी त्यांच्या हातात. दारूचा त्यांना असा तिटकारा, की मैदानाच्या दाराशी खुर्ची टाकून ते येणाऱ्या प्रत्येकाला तोंड उघडायला लावत. "हा कर बे," म्हणत आणि आपलं नाक पुढे करत. खात्याला श्वानपथकाची गरजच उरली नव्हती. एका वर्षी नारळ फोडायला आलेल्या पाहुण्यांनी वाटेत खोकल्याचं औषध घेतलं होतं. साडूंनी त्यांना दाराबाहेरच बसवून ठेवलं. नारळ शेवटी मी फोडला. एका सभ्य गृहस्थानं खिशातून दारूचा सरकारी परवाना काढून दाखवला, तर हे म्हणतात, "परवाना पेला का बे तू? दारूच पेला ना?" आणि त्याला सामना संपेपर्यंत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसवलं.

हे कडक नाक मैदानाच्या मागच्या अंगाला गेलं की मात्र चोंदायचं. तिथं एक जुनी चिंच आहे. तिच्याखाली दहा-पंधरा जणांची बैठक बसे आणि चिलीम हातोहात फिरे. ज्या गांजापायी माणूस सरळ तुरुंगात जाऊ शकतो, त्या गांजाकडे साडू पाठ करून उभे राहत. एकदा तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा कसला वास?" साडूंनी सलाम ठोकला. "कचरा जाळून राह्यले साहेब, वावरात." ऐन सामन्याच्या मुहूर्तावर दरवर्षी कचरा जाळणारं आमचंच एक गाव असावं. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. म्हणायचो, "भाऊ, दुकानातली बाटली सरकारमान्य, तिला तुम्ही धरता, आणि चिलीम गुन्हा, तिच्यावर पहारा देता!" साडू अजिबात चिडत नसत. मिशीवरून हात फिरवून आपलं तत्त्वज्ञान ऐकवत. "मास्तर, दारू पेलेला माणूस मैदानात आला का पंच होते, कप्तान होते, पुढारी होते. गांजेवाला फक्त पब्लिक होते. बसते, हासते, भजे खाते, घरी जाते. मले दंगा नाही पाहिजे. बाकी कायदा तुम्ही वाचा." अडाणीपणाचा इतका ठाम आवाज मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. वाईट हे की, त्यांच्या बंदोबस्तात खरंच कधी दंगा झाला नाही, त्यामुळे वरून शाबासकीही त्यांनाच मिळे.

तीन वर्षांपूर्वी मात्र हे तत्त्वज्ञान त्यांच्या डोळ्यांसमोर आडवं झालं. आमच्या संघात गजू नावाचा चढाईपटू होता, माझाच जुना विद्यार्थी. त्याची चढाई पाहायला पार रोहिणखेडहून माणसं येत. साडूंचा त्याच्यावर जीव. स्वतःला मुलगी एकच, म्हणून की काय, याला पोलीस भरतीत उतरवायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या वर्षी अंतिम सामना साखरखेर्ड्याच्या संघाशी होता. दोन्ही संघ मैदानात उतरले आणि गजू नाही. मी भोंग्यावरून तीनदा त्याचं नाव पुकारलं. शेवटी साडू स्वतः शोधायला निघाले आणि सरळ चिंचेखाली जाऊन थांबले.

गजू तिथं बसला होता. हातात चिलीम, चेहऱ्यावर हसू. काय घडतंय ते पाहायला मी मागोमाग गेलो होतो.

"चाल बे, खेळ सुरू होऊन राह्यला," साडू म्हणाले.

"येतो ना भाऊ. बसा तुम्ही बी."

साडूंनी त्याला दंडाला धरून उभं केलं. तो हसला आणि पुन्हा खाली बसला. दुसऱ्यांदा उभं केलं, दुसऱ्यांदा बसला. लोक हसत होते. तिसऱ्यांदा साडूंनी त्याला उचललं नाही. सहा गड्यांनिशी खेळलेला आमचा संघ सपाटून हरला. मैदानात शिस्त मात्र वाखाणण्यासारखी होती.

सामना आटोपल्यावर मी तोंडसुख घ्यायला गेलोच. "अभिनंदन भाऊ, यंदाही दंगा नाही."

साडू टोपी काढून खुर्चीत बसले होते. "कवापासून बसते तो तिथं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तुमची पाठ होती ना तिकडे, मी काय सांगू?" ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "म्या ओढला तरी भांडला नाही तो, मास्तर. दोन शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चिंचेखालची बैठक उठवली. ती नदीकाठी सरकली, एवढंच. भरतीचं वय गजूच्या हातून निघून गेलं. तो आता कापसाच्या जिनिंगमध्ये गठाणी उचलतो. साडू निवृत्त झाले, पण सकाळी सहाला मैदानावर येतात, कारण गजूनं धावायला येईन असा शब्द दिलाय. कधी तो येतो. मग पोट सावरत साडू पुढे पळतात आणि गजू मागून, त्यांना सहज ओलांडता येत असूनही, त्यांच्याच चालीनं. पुष्कळदा येत नाही. परवाही आला नव्हता. शाळेत जाता जाता मी पाहिलं, ऊन वर चढलं तरी साडू रस्त्याकडे तोंड करून एकटे उभे होते. मला पाहून म्हणाले, "काऊन आला नसंल हो?" माझ्या जिभेवर दोन-तीन चांगले टोमणे तयार होते. मी सायकल स्टँडवर लावली आणि म्हणालो, "येईल उद्या. थांबू अजून थोडं."